जिन्यावरचं फिनेल

शशिकांतराव कुवळेकरांचं ठाम मत होतं की स्वच्छतेला वास असतो. ज्या स्वच्छतेला वास नाही ती नुसती दिखाऊ. त्यांची सगळी नोकरी मुंबईतल्या एका जुन्या इस्पितळाच्या भांडारात गेली. तिथे कार्बोलिकची पिंपं यायची, बाटल्या भरून वॉर्डांत जायची, आणि नाकातून शिरून टाळूपर्यंत पोचणाऱ्या त्या डांबरट वासात शशिकांतराव डबा खायचे, डुलकी काढायचे आणि वरिष्ठांशी भांडायचे. निवृत्त होऊन भाईंदर पश्चिमेच्या घरात कायमचे बसले तरी तो वास त्यांनी सोडला नाही. हल्ली दुकानात मिळणारं गुलाबी, लिंबाच्या वासाचं पाणी त्यांना मान्य नव्हतं. "ते अत्तर झालं, फिनेल नव्हे," असं ते दुकानदाराला तोंडावर सांगत. त्यांचं फिनेल काळं असे. झाकणभर बादलीत टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि तो वास पार गेटापर्यंत जायचा.

गंमत अशी की हे फिनेल घरात क्वचितच वापरलं जाई. ते होतं जिन्यासाठी. आणि जिन्यावरही रोज नाही, तर चंद्रावती मासेवाली येऊन गेली की मगच.

बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. त्यांच्या जिन्यावर मासे खाणारं घर एकच, कुवळेकरांचं. बाकी सगळे गुजराती, मारवाडी, कांदालसूणसुद्धा वार बघून खाणारे. समोरच्याच दारात लीलाधरभाई राहायचे, होजियरीचे व्यापारी आणि सोसायटीचे चेअरमन. सेक्रेटरी होते शशिकांतराव. ही सेक्रेटरीची खुर्ची त्यांना फार प्रिय होती. मुंबईत चाळीत वाढलेल्या माणसाला 'कुवळेकरसाहेब' म्हणून हाक मारणारी अख्खी बिल्डिंग उतारवयात मिळाली होती, आणि बोंबलापायी ती हातची जाईल, ही धास्ती त्यांना सतत असायची.

खरं तर माशांबद्दल त्यांना कधी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. कुणी बोलण्याआधीच आपण बंदोबस्त केलेला बरा, म्हणून त्यांनी फिनेल सुरू केलं. मग एकदा लीलाधरभाईंची सून भाविका नाकाला ओढणी लावून जिना उतरताना त्यांना दिसली. ती नजरेस पडताच शशिकांतरावांचे कान तापले. दुसऱ्या खेपेपासून बादलीत एका झाकणाऐवजी दोन झाकणं पडू लागली.

त्यांची बायको संपदा म्हणायची, "अहो, ती माणूस आहे. गटार तुंबलंय का?"

"तुला कळत नाही. समाजात राहायचं तर दुसऱ्याचं नाक सांभाळावं लागतं."

"आणि जीभ कोणाची सांभाळायची? हलव्याची तुकडी तर तुम्हालाच लागते." एवढं बोलून संपदा आत जायची. तिने बादली कधी हातात घेतली नाही, पण तिने ती अडवलीही नाही.

चंद्रावती जवळच्या राई गावची. वयाने शशिकांतरावांपेक्षा थोडी लहानच असेल, पण मासेवाली म्हटली की ती मावशीच, तसं सगळे तिला मावशी म्हणत. गावातून रिक्षाने यायची, नाक्यावर उतरायची, आणि पाटी डोक्यावर घेऊन ठरलेली घरं करायची. कुवळेकरांकडे ती वर्षानुवर्षं येत होती. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा पोलिसांची नजर चुकवून तिने संपदाला सुके बोंबील आणि जवळा आणून दिला होता.

तिची एक खोड होती. जिन्याच्या पायथ्याशी ती चपला काढून ठेवायची आणि अनवाणी वर चढायची. संपदाने कितीदा सांगितलं, तरी ऐकायची नाही.

"नको वैनी. काय ती तुमची बिल्डिंग साफ! दवाखान्यासारका वास येतो. तवड्या साफ जिन्यावर चपला घालून कसा चढायचा?"

हे ऐकलं की शशिकांतराव पेपरात तोंड खुपसत. त्यांना लाज वाटे, पण ती पेपराचं पान उलटेपर्यंतच टिके.

त्या रविवारी लीलाधरभाईंकडे पाहुणे यायचे होते. धाकट्या मुलाचं, अल्पेशचं लग्न जमत आलं होतं, आणि मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती. लीलाधरभाईंनी आदल्या दिवशी सहज सांगितलं, "साहेब, कल मेहमान हैं, आप भी आना, नाश्ता साथ में करेंगे." सहज बोललेलं वाक्य, पण शशिकांतरावांच्या डोक्यात ते सूचनेसारखं शिरलं. मावशीला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगायचं त्यांनी ठरवलं. आणि ठरवलेली गोष्ट विसरणं हा तर निवृत्त माणसाचा हक्कच. ते विसरले.

मावशी आली, आणि तीही वेळेआधी, कारण बोंबील ताजे होते. दारात पाटी टेकवून ती संपदाशी निवांत गप्पा मारू लागली. शशिकांतराव गॅलरीत जात होते, आत येत होते, घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला. मावशीने पाटी उचलली आणि ती खाली गेली.

ती जाते न जाते तोच गेटात गाडी शिरली. लीलाधरभाई हात जोडून खाली उभेच होते. आता बादली भरायची, झाकण मोजायचं, फडकं पिळायचं, एवढा वेळ कुठला! शशिकांतरावांनी कॅन उचलला आणि दारापासून खालच्या वळणापर्यंत पायऱ्यांवर काळं फिनेल तसंच ओतलं. बिनपाण्याचं फिनेल तेलासारखं असतं, ते निसरडं असतं, कातडीला लागलं तर कातडी जाळतं, हे भांडारात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पाणी आणायला ते आत वळले. बादली भरून बाहेर येतात तोच खाली धप्पकन आवाज झाला आणि मागोमाग पाटी गडगडत गेली.

मावशी परत वर येत होती. संपदाला कबूल केलेले दोन जादा बोंबील द्यायचे राहिले होते, म्हणून. ती वळणावर आडवी पडली होती, उजवा हात अंगाखाली आलेला, आणि बोंबील, कोळंबी, बर्फाचं पाणी सगळ्या पायऱ्यांवर पसरलेलं. तिच्या तोंडून आवाजही फुटत नव्हता.

शशिकांतराव पायऱ्यांच्या टोकाला उभे होते. खालून पाहुण्यांचे आवाज वर येत होते. आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांना पुढे जेवताना, दाढी करताना, देवापुढे हात जोडताना आठवत राहिलं. मावशीकडे धावायच्या आधी त्यांनी हातातली बादली पायऱ्यांवर उपडी केली. काळ्याचं पांढरं झालं, मासळीच्या पाण्यात मिसळलं, आणि मावशीच्या लुगड्याखालून खाली वाहत गेलं.

माणसं वर आली. "क्या हुआ? कैसे गिरी?"

"सीढ़ी पे मच्छी का पानी गिरा था," शशिकांतराव म्हणाले. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं, विचारलं होतं ते मावशीला.

दारात संपदा उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या बादलीकडे पाहिलं, आणि मावशीपाशी जाऊन बसली.

मावशीला खाली नेलं ते अल्पेशने. मुलीकडची मंडळी बघत होती, अंगात नवा कोरा शर्ट होता, आणि त्या पोराने मासळीच्या पाण्याने निथळणाऱ्या बाईला हाताला धरून उतरवलं, आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात घेऊन गेला. संपदा सोबत गेली. शशिकांतराव गेले नाहीत. "जिना बघायला पाहिजे, नाहीतर आणखी कोणी पडेल," असं म्हणून ते वर थांबले आणि पायऱ्या पुसत बसले. त्या दिवशी त्यांनी त्या इतक्या पुसल्या की फिनेलचा मागमूस राहिला नाही.

मनगट दोन जागी मोडलं होतं. प्लास्टर घातलं, अल्पेशनेच मावशीला राईला सोडलं. सगळ्या बिल्डिंगने हळहळ केली. बिचारी, म्हातारपणी असं व्हायला नको होतं, पण मासळीचं पाणी निसरडंच असतं, असं जो तो म्हणाला. शशिकांतरावांनी मान डोलावली. झाकली मूठ झाकलेली राहिली.

पण घरात मासे यायचे थांबले. संपदा रोज भाजी-आमटी वाढायची. तिने एकदाच विषय काढला, तोही ताट वाढता वाढता.

"त्या दिवशी तुमच्या पायजम्याला किती वास येत होता. दोनदा धुतला मी."

"फिनेलचाच असणार. मी पुसत होतो ना."

"हो," संपदा म्हणाली. "पुसत होतात." शशिकांतरावांना ताटावरून उठावंसं वाटलं. तरी त्यांनी जेवण पूर्ण केलं, कारण अर्धवट उठले असते तर तिला कळलं असतं, आणि तिला सगळं आधीच कळलेलं आहे हे त्यांना मान्य करायचं नव्हतं.

पुढे एका संध्याकाळी लीलाधरभाई जिन्यात भेटले. अल्पेशचं पक्कं झालं होतं, पेढ्यांचा बॉक्स हातात होता. मुलीच्या वडिलांना अल्पेशचं त्या दिवशीचं वागणं फार आवडलं होतं, असं ते कौतुकाने सांगत होते. मग ते जरा घुटमळले.

"कुवळेकरसाहेब, एक बात बोलूं? बुरा मत मानना."

शशिकांतरावांना वाटलं, आलं. आता मासळी बंद करा म्हणणार.

"ते फिनेल," लीलाधरभाई मराठीवर आले. "आता मच्छीवाली येत नाही, तर तुम्ही फिनेल पण नाही टाकत. आमच्या मिसेसचा दमा एकदम कमी आहे बघा. भाविका तर ओढणी लावूनच उतरायची. तो वास शाम तक जात नव्हता."

"पण ते... ते मासळीचा वास जावा म्हणून..."

"मच्छी का क्या है साहेब, पाच मिनिट. दार लावला की संपला. इतने साल से आप लोग हैं, हम को आदत है. आम्हाला वाटलं, तुम्ही हॉस्पिटलचा माणूस, तुम्हालाच तो वास पसंद आहे. सेक्रेटरीला कोण बोलणार?" असं म्हणून ते हसले आणि त्यांच्या हातात पेढा ठेवला.

शशिकांतराव पेढा हातात धरून घरात आले. ज्या नाकांसाठी एवढा खटाटोप केला ती नाकं त्यांच्या फिनेलमुळेच मिटलेली होती. मासळीची लाज बिल्डिंगमध्ये एकाच माणसाला वाटत होती, आणि तो माणूस मासळी खाणारा होता. हे त्यांनी संपदाला सांगितलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मावशीने पाटी सोडली," ती म्हणाली. "बाजारात तिची जाऊ भेटली होती. आता मावशीची बाकीची घरं ती करते. म्हणाली, मावशी उंबऱ्याबाहेर पडत नाही. आपणच पडलो, आपला पाय गेला, असं घेऊन बसलीय." तिने नवऱ्याच्या हातातला पेढा काढून घेतला. "तुम्ही जाणार आहात, की मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी शशिकांतराव फळांची पिशवी घेऊन रिक्षाने राईला गेले. मावशीचं घर खाडीच्या बाजूला, शेजारी नवा टॉवर उभा राहत होता. ओट्यावर तिचा नवरा राघो मोबाईलवर मोठ्या आवाजात क्रिकेट लावून बसला होता. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला, पाय समोरच्या स्टुलावर. त्यांना बघून ती उठायला गेली.

"भाऊ, तुमी? तवड्या लांब? वैनी बऱ्या हायत ना?"

ते बसले. फळांची पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना समजेना, मग त्यांनी ती मांडीवरच ठेवली. "पाटी सोडलीत असं ऐकलं."

"सोडली. जावंला दिली." मावशी हसली, पण ते हसू तिच्या डोळ्यांत आलं नाही. "काय करू भाऊ? उभा जलम होडीवरनं फलीवर, फलीवरनं चिखलात, डोकीवर पाटी घेऊन चालली मी. कवा पडली न्हाय. आनि तुमच्या साफ जिन्यावर माज्याच पाटीचा पानी सांडला नि मीच पडली. पावने आलते, त्यांच्या म्होरं सगली मासली इस्कटली. लय लाज वाटली मना. पाय ऱ्हायला न्हाय आता, काय?"

"किती सांगतो, वय झाला तुजा," राघो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "कोनाचा ऐकत न्हाय."

मावशीने मान खाली घातली. शशिकांतरावांची नजर तिच्या पायांच्या तळव्यांकडे गेली. खोबरेल चोपडलेलं होतं, आणि कातडीचे पापुद्रे सुटून खाली कोवळी लाल जागा दिसत होती. असे हात त्यांनी भांडारात पाहिले होते, एका शिपायाचे, पिंप उघडताना त्याच्या हातावर कार्बोलिक उडालं होतं तेव्हा. ही बाई वयाची, पायांची, सगळ्या जन्माची लाज वाटून घेऊन बसली होती, आणि ती लाज मुळात शशिकांतरावांची होती.

"ते पाणी नव्हतं, मावशी," ते म्हणाले. "फिनेल होतं. बिनपाण्याचं. मी ओतलं होतं."

राघोने मोबाईलचा आवाज बंद केला.

मावशीला समजायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा उजळला की शशिकांतरावांना तिच्याकडे बघवेना. "म्हंजे मी घसरली न्हाय? ऐकला काय तुमी?" ती नवऱ्याकडे वळली. "माजा पाय बरा हाय. फिनेल व्हता त्यो!" मग तिने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा पडलेला चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "असू द्या भाऊ. हातातून सांडला असंल. व्हतो असा कवा कवा."

एवढंच हवं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि ती उलट त्यांचीच समजूत काढत बसली असती. 'हो' त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण समोर ते तळवे होते.

"सांडलं नाही. मुद्दाम ओतलं. तुम्ही येऊन गेलात की दर वेळी जिना फिनेलने पुसतो मी. बिल्डिंगमध्ये वास राहू नये म्हणून."

"माजा वास?"

"मासळीचा," ते घाईने म्हणाले.

मावशीने स्टुलावरचे पाय खाली घेतले आणि लुगड्याच्या घेराखाली सरकवले. राघोने तिच्याकडे पाहिलं, मग शशिकांतरावांकडे, आणि उठून आत गेला. टॉवरवर कुठेतरी लोखंड कापायचा आवाज चालू होता.

"मना वाटायचा," मावशी शेवटी म्हणाली, "तुमची बिल्डिंगच तवडी साफ हाय. घरी येऊन सुनंला सांगायची मी. चपला काढायची."

"माहीत आहे मला."

"म्हायती व्हता?"

शशिकांतरावांनी होकारार्थी मान हलवली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. "मावशी, चुकलो मी. पाटी सोडू नका. बरं वाटलं की या. परत जिन्यावर फिनेलचा थेंब पडणार नाही."

"येन," ती म्हणाली. "हात बरा झाला का येन. पाय धड हाय माजा, मी कशाला घरी बसू? पन वर न्हाय येवाची. गेटावर बसन. तुमी खाली यायचा, पिशवी घेऊन. वैनीला न्हाय पाठवायचा, तुमी यायचा. सगल्यांच्या म्होरं मासली बघायची, भाव करायचा नि घेऊन जायची."

"येईन," शशिकांतराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. फळांची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली. मावशीने ती ठेवू दिली.

ते रिक्षात बसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. नाक्यापर्यंत ते तसेच मोकळे बसून होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून एक हिशेब करतोय. सकाळी लवकर गेटावर शाळेच्या बसची गर्दी असते, नंतर लीलाधरभाई दुकानाला निघतात, बायका देवळातून परततात. त्यानंतर मात्र दुपारपर्यंत गेटावर कुणी नसतं. मावशीला त्याच वेळेला यायला सांगावं.